सावत्र आई आणि वडिलांचं घर : वारशाची कामं कोणत्या क्रमाने करावीत

वडील गेले आहेत. आई त्यांच्याआधी गेली होती आणि मधल्या काळात वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. आता घरात सावत्र आई राहते, मुलं आपापल्या संसारात आहेत आणि फ्लॅट वडिलांच्या नावावर आहे. मुंबईतल्या अशा घरांत त्याच त्या चुका होताना दिसतात. कोणी हिशोब न करता हक्कसोड पत्रावर सही करतं, कोणी नॉमिनीलाच मालक समजून गप्प बसतं, कोणी पहिल्या महिन्यातच कुलूप बदलतं. हे लेखन या कामांच्या क्रमाबद्दल आहे.

खालचे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांसाठी, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी आहेत. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांत विधवेचा वाटा वेगळ्या रीतीने ठरतो. वडिलांचं दुसरं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असलं, तरी दोघेही हिंदू असतील तर १९५६ चाच कायदा लागतो.

टप्पा १ : पहिला महिना, काय करायचं नाही

सही करायची नाही. ‘सोसायटीला द्यायचंय’, ‘बँकेला लागतं’, ‘नुसती एनओसी आहे’ असं म्हणून दिवसकार्याच्या गडबडीत कागद पुढे येतात. पुढे आणणाऱ्याच्या मनात काळंबेरं असेलच असं नाही, पण कागद काय आहे हे त्यालाही बरेचदा माहीत नसतं. फोटो काढून ठेवा, ‘वाचून कळवतो’ म्हणा.

वडिलांचं एटीएम कार्ड वापरायचं नाही. पिन घरात सगळ्यांना पाठ असतो आणि खर्चही खरा असतो. पण मृत्यूनंतर काढलेली प्रत्येक रक्कम स्टेटमेंटमध्ये तारखेसह छापून येते, आणि दोन वर्षांनी समोरचा वकील तीच ओळ अधोरेखित करून कोर्टापुढे ठेवतो. रुग्णालयाचा आणि अंत्यविधीचा खर्च स्वतःच्या खात्यातून करा आणि पावत्या जपा. तो नंतर वारशातून वळता करता येतो.

कुलूप बदलायचं नाही, सामान हलवायचं नाही, सावत्र आईला ‘माहेरी जा’ असं सांगायचं नाही. ती वडिलांची विधवा आहे, स्वतः वारस आहे आणि त्या घरात राहत होती. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला निवासाचं संरक्षण मागता येतं. शिवाय ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यात ‘पालक’ या व्याख्येतच सावत्र आई आणि सावत्र वडील येतात, वयाची अट नाही. तिला घराबाहेर काढण्याचा प्रयत्न केलात, की मालमत्तेचा वाद बाजूला राहतो आणि तुम्ही तक्रारींना उत्तरं देत बसता.

उलट बाजूनेही हेच. सावत्र आईने कपाट, फाइली, दागिने भावाकडे हलवले तर तिच्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

> तपासा : मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती महापालिकेकडून घेतल्या का? दाखल्यावरचं नाव आणि फ्लॅटच्या करारावरचं नाव जुळतं का? मधलं नाव किंवा आडनावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर दुरुस्ती आत्ताच करून घ्या.

टप्पा २ : कागद गोळा करणं

मूळ कागद बहुतेक सावत्र आईच्या ताब्यात असतात आणि ती ते द्यायला घाबरते. ते हिसकावून घेण्याची गरज नाही, कारण बहुतेकांच्या प्रती बाहेरून मिळतात. फ्लॅटच्या नोंदणीकृत कराराची सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू, नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून काढता येते. वडिलांनी मृत्युपत्र नोंदवलं असेल, तर त्यांच्या हयातीत त्याची प्रत इतर कोणाला मिळत नव्हती, पण आता मृत्यू दाखला जोडून मागता येते. घराच्या आणि वडिलांच्या ऑफिसच्या आसपासच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत हा शोध नक्की घ्या. ‘मृत्युपत्र नव्हतंच’ असं गृहीत धरून पुढे गेलेल्या कुटुंबांना तीन वर्षांनी मृत्युपत्र सापडतं आणि सगळं उलटं फिरवावं लागतं.

सोसायटीचा भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, पाहायला मिळालं तर मागची बाजू आधी वाचा. तिथे हस्तांतराचा तक्ता असतो. तारीख, रजिस्टरमधला क्रमांक, जुन्या सभासदाचं नाव, नव्याचं नाव आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या अशा नोंदी त्यात असतात. पुढच्या बाजूला आई आणि वडील अशी दोन नावं आणि मागे आईच्या मृत्यूनंतरच्या तारखेला एकट्या वडिलांचं नाव, असं दिसलं तर त्या पानाचा फोटो जपून ठेवा. टप्पा ५ चा सगळा हिशोब त्या एका ओळीवर उभा आहे.

याशिवाय लागतात ते कागद असे : आईचा मृत्यू दाखला, वडिलांच्या दोन्ही लग्नांचे पुरावे, पहिलं लग्न घटस्फोटाने संपलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा, सगळ्या मुलांचे जन्म दाखले, कर्जाचे कागद, बँक पासबुकं, डीमॅट स्टेटमेंट आणि विम्याच्या पॉलिसी. वडिलांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांतून विसरलेली खाती हमखास सापडतात.

टप्पा ३ : वारस कोण, हे कागदावर मांडणं

पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर पहिल्या वर्गातल्या वारसांना वाटा मिळतो. त्याची विधवा, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि त्याची आई यांना एकेक समान हिस्सा. आधीच वारलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या कुटुंबाला मिळून एक हिस्सा. इथे चुका ठरलेल्या आहेत.

*आजी विसरली जाते.* वडिलांची आई हयात असेल तर तिचा हिस्सा सावत्र आईइतकाच. ती पुढे वारली तर तो हिस्सा काका-आत्यांकडे आणि वडिलांच्या वाट्याला आला असता तेवढा तुम्हा नातवंडांकडे जातो. सुनेला, म्हणजे सावत्र आईला, त्यातलं काही मिळत नाही. गावी असलेल्या नव्वदीच्या आजीचं नाव अर्जात घातलं नाही, म्हणून आपसात मिटलेली प्रकरणं पुन्हा उघडतात.

*सावत्र भावंडं.* वडिलांची दुसऱ्या लग्नापासूनची मुलं आणि तुम्ही यांचा वाटा सारखा. ‘ती नंतरची’ हा मुद्दा कोर्टात चालत नाही.

*सावत्र आईची आधीच्या लग्नाची मुलं.* ही वडिलांची वारस नाहीत. वडिलांनी फी भरली, शाळेच्या दाखल्यावर आपलं आडनाव लावलं, लग्न लावून दिलं, तरी नाहीत. रीतसर दत्तक घेतलं असेल तरच.

*दुसरं लग्न वैध होतं का?* पहिली पत्नी हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने शून्य. अशी पत्नी विधवा म्हणून वाटा मागू शकत नाही. पण तिच्यापासून झालेली वडिलांची मुलं वडिलांच्या मालमत्तेत वारस असतातच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. लग्नाची नोंदणी झाली नव्हती एवढ्यावरून मात्र लग्न अवैध ठरत नाही. हा मुद्दा हातात ठोस पुरावा असल्याशिवाय काढू नका. वीस वर्षं ‘मावशी’ म्हणून जिच्या हातचं जेवलात तिला नोटिशीत ‘तथाकथित पत्नी’ लिहिलंत, तर पुढची सगळी बोलणी तिथेच बंद होतात.

> सावधान : वारसांच्या यादीतून कोणालाही मुद्दाम गाळू नका. वारस लपवून मिळवलेलं प्रशासनपत्र (मृत्युपत्र नसताना मालमत्तेचा कारभार पाहण्याचा कोर्टाने दिलेला अधिकार) किंवा वारसा प्रमाणपत्र (वारस कोण हे सांगणारा दाखला) नंतर रद्द होऊ शकतं, आणि शपथपत्र खोटं केल्याचा प्रश्न वेगळाच.

टप्पा ४ : मालमत्तेचे ढीग वेगळे करणं

वडिलांच्या नावाचं सगळं वारशात येत नाही, आणि वारशात येणारं सगळं एका नियमाने जात नाही.

*वारशात न येणारं.* कुटुंब निवृत्तिवेतन विधवेचं असतं. त्यात ‘आमचा वाटा’ मागू नका. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेबाबतच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नीच्या किंवा मुलांच्या नावे काढलेली विमा पॉलिसी हीसुद्धा वारशाबाहेरची. अशा पॉलिसीवर तसा उल्लेख असतो. जुन्या पॉलिसीत तुमच्या आईचं नाव असेल तर ती आधी वाचून घ्या.

*नॉमिनी असलेलं.* बँक ठेवी, शेअर, म्युच्युअल फंड. नॉमिनीच्या हाती पैसे पडतात, मालकी वारसांचीच राहते. शेअरबाबत ‘नॉमिनीच मालक’ असा वाद बरीच वर्षं चालला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तो मिटवला : नॉमिनेशनने वारसा बदलत नाही. आयुर्विम्यात मात्र जपून बोला. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती ‘लाभार्थी नॉमिनी’ म्हणून रक्कम स्वतःचीच असल्याचा दावा करतात, आणि त्यावर कोर्टांत वाद झाले आहेत.

*आईचं.* आईचे दागिने, आईच्या नावची ठेव, फ्लॅटमधला आईचा भाग. आई वारली तेव्हा हे सगळं वडील आणि तुम्ही मुलं यांच्यात समान वाटलं गेलं, कागद केला नसला तरी. लॉकरमधल्या दागिन्यांची यादी बँक अधिकारी आणि साक्षीदारांसमोर करा. जुने लग्नातले फोटो इथे उपयोगी पडतात. आईच्या गळ्यात कोणता हार होता हे त्यात दिसतं.

*पागडीची खोली.* गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या कुटुंबांनी हा भाग दोनदा वाचावा. पागडीची खोली मालकीची नसते, ती भाडेकरूची जागा असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे भाडेकरू वारल्यावर हक्क आधी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असं कोणी नसेल तरच इतर वारसांकडे. म्हणजे वडील आणि सावत्र आई खोलीत राहत होते आणि तुम्ही पंधरा वर्षांपासून डोंबिवलीला, तर तिचं पारडं जड आहे. रेशनकार्डावर नाव तसंच ठेवलं म्हणजे आपण ‘सोबत राहत होतो’ असं सिद्ध होत नाही. भाड्याचा हक्क मृत्युपत्राने कोणाला देताही येत नाही. हा वाद लघुवाद न्यायालयात जातो.

*गावची जमीन आणि घर.* वडिलोपार्जित असेल तर आधी वडिलांचा त्यातला हिस्सा किती ते ठरतं. मुलींचा जन्मसिद्ध हक्क मुलांइतकाच आहे. वडिलांच्या हिश्श्यातून सावत्र आईलाही वाटा मिळतो. सातबाऱ्यावर नाव लागणं ही महसुली नोंद असते, मालकीचा निवाडा नसतो. तरी वारस नोंद वेळेत करा.

टप्पा ५ : हिशोब, मृत्यूंच्या क्रमाने

बहुतेक घरांत वडिलांच्या मृत्यूपासून हिशोब सुरू होतो. तो पहिल्या मृत्यूपासून सुरू व्हायला हवा.

मुलुंडचा एक फ्लॅट धरू. आजची किंमत १ कोटी ८० लाख. आई-वडिलांनी तो दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा घेतला होता. मुलं दोन. आई आधी वारली, मृत्युपत्र नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं, त्यातून मूल नाही. मग वडील वारले, मृत्युपत्र नाही, आजी हयात नाही.

सगळे म्हणतात, तीन वारस, प्रत्येकी ६० लाख. चूक.

आई वारली तेव्हा तिचा अर्धा भाग पती आणि दोन मुलं अशा तिघांत गेला. प्रत्येकाला पूर्ण फ्लॅटचा १/६. त्या क्षणी वडिलांचे झाले १/२ अधिक १/६, म्हणजे २/३. मुलं प्रत्येकी १/६ ची मालक झाली, सोसायटीने भाग दाखल्यावर एकट्या वडिलांचं नाव ठेवलं तरीही. वडील वारले तेव्हा वाटायला उरला होता तो हा २/३ भाग. त्याचे तीन हिस्से, प्रत्येकी २/९.

मुलाचे १/६ अधिक २/९, म्हणजे ७/१८ : ७० लाख. मुलीचेही तेवढेच. सावत्र आईचे ४/१८ : ४० लाख.

आता उलट उदाहरण. तोच फ्लॅट वडिलांनी दुसऱ्या लग्नानंतर सावत्र आईच्या सोबत निम्म्या-निम्म्या नावावर घेतला असेल, तर अर्धा आधीच तिचा. उरलेल्या ९० लाखांचे तीन हिस्से. तिच्याकडे १ कोटी २० लाख, मुलांकडे ३०-३० लाख. ‘तिचं नाव नुसतं घातलं होतं, पैसे वडिलांचेच’ हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो, आणि पती-पत्नींच्या बाबतीत तो पेलणं अवघड असतं.

आणि पहिल्या उदाहरणात आजी हयात असेल तर? वडिलांच्या २/३ चे चार हिस्से होतात : मुलं ६०-६० लाख, सावत्र आई ३०, आजी ३०.

> तपासा : हा तक्ता एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या माणसांना दाखवला का? आकडे कळल्यावर अर्ध्याहून जास्त आवाज खाली येतो, असा माझा अनुभव आहे. बाकीचा रागाचा असतो, त्यावर हिशोबाचं औषध नाही.

गृहकर्ज शिल्लक असेल तर ते आधी वजा करा.

टप्पा ६ : सोसायटीला पत्र

महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १५४ब-१३ ने चित्र बरंच स्पष्ट केलं. सभासद वारल्यावर नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ म्हणून घेतलं जातं, खरे वारस ठरेपर्यंत. कायमचं हस्तांतर होतं ते मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र किंवा हक्कदार वारसांनी केलेल्या कौटुंबिक समझोत्याच्या आधारे. नॉमिनी नसेल तर उपविधींप्रमाणे दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस छापून हरकती मागवल्या जातात. ती नोटीस तुमच्या नजरेतून सुटू शकते, म्हणून आधीच पत्र द्या. मजकूर साधा असू द्या :

‘आपल्या संस्थेचे सभासद, फ्लॅट क्र. … चे धारक आमचे वडील कै. … यांचे दि. … रोजी निधन झाले. आम्ही त्यांचे कायदेशीर वारस आहोत. तसेच सहसभासद असलेल्या आमच्या आई कै. … यांचेही आम्ही वारस आहोत. सदर फ्लॅट व भाग यांचे कायम हस्तांतर, विक्रीसाठी ना-हरकत दाखला अथवा पुनर्विकासाचा करार आमची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय करू नये. नॉमिनेशनची नोंद असल्यास तिची प्रत मिळावी.’

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. सचिव पोच देत नसेल तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि वॉर्डच्या उपनिबंधक, सहकारी संस्था यांना प्रत द्या.

सावत्र आई नॉमिनी असेल तर तिच्या तात्पुरत्या सभासदत्वाला विरोध करण्यात शक्ती घालवू नका. मेंटेनन्स कोणीतरी भरायचाच आहे, आणि त्या नोंदीने तुमचा वाटा कमी होत नाही. तुमची हरकत असायला हवी ती विक्रीला आणि कायम हस्तांतराला.

इमारत पुनर्विकासात जाणार असेल तर हे पत्र विकासकालाही द्या. पर्यायी जागेचा करार, दरमहा भाडं, कॉर्पस म्हणजे विकासकाकडून मिळणारी एकरकमी रक्कम, हे सगळं सोसायटीच्या दप्तरी ज्याचं नाव आहे त्याच्याकडे जातं. नव्या फ्लॅटचा करार एकदा एका नावाने नोंदवला गेला की निस्तरायला दुप्पट त्रास.

याच दिवशी सावत्र आईलाही एक पत्र किंवा मेसेज लिहा, वकिलाच्या नोटिशीच्या आधी. ‘ती. मावशींस, सा. न. वि. वि. आज सोसायटीला वारस म्हणून पत्र दिलं आहे, प्रत सोबत आहे. तुम्ही घरात राहण्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. कागद तेवढे एकत्र बसून पाहू.’ सोसायटीच्या वॉचमनकडून तिला हे कळलं, तर ते भांडणच झालं म्हणून समजा.

टप्पा ७ : मृत्युपत्र निघालं तर

आधी कटू गोष्ट. स्वकष्टार्जित मालमत्ता वडील मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात, पूर्णच्या पूर्ण. मुलांसाठी काही राखून ठेवावंच लागतं असा नियम हिंदूंना नाही. म्हणून ‘आम्हाला काहीच ठेवलं नाही’ हे मृत्युपत्र खोटं असल्याचं कारण होत नाही.

काय पाहायचं ते पाहा. दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, ते कोण आहेत, हयात आहेत का? त्या तारखेला वडील कुठे होते, घरी की अतिदक्षता विभागात? मसुदा कोणी केला, ज्याला सगळं मिळतंय त्यानेच पुढाकार घेतला का? पानांवरच्या सह्या बँकेतल्या सहीशी जुळतात का? नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदवलेलं मृत्युपत्रही आव्हानापलीकडचं नसतं. संशयाच्या जागा असतील तर त्या दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते.

आणि वडिलांनी मृत्युपत्रात ‘माझा संपूर्ण फ्लॅट’ लिहिलं असलं, तरी वरच्या उदाहरणात त्यांना देता येत होता तो २/३ भागच. तुमचे १/६ त्यांच्या मृत्युपत्राने हलत नाहीत.

मुंबईत मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं असायचं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ वगळलं आणि ती सक्ती उठली. वाद असलेल्या घरांनी यावरून ‘आता प्रोबेट नकोच’ असा अर्थ काढू नये. मृत्युपत्र खरं की खोटं याचा निवाडा हवा असेल तर मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेटचा मार्ग आहेच.

समोरच्याने प्रोबेटचा अर्ज केला तर तुम्हाला साइटेशन, म्हणजे त्या अर्जाची कोर्टाची नोटीस, येतं. ते हातात पडल्यापासून १४ दिवसांत कॅव्हेट, म्हणजे लेखी हरकत, दाखल करायची आणि पाठोपाठ तिच्या समर्थनाचं शपथपत्र द्यायचं. मग अर्जाचं रूपांतर दाव्यात होतं.

> सावधान : साइटेशनऐवजी कधी कधी ‘संमती शपथपत्र’ सहीसाठी येतं. त्यावर सही म्हणजे मृत्युपत्राला तुमचा होकार.

टप्पा ८ : समझोता, आणि त्यातले सापळे

एक फ्लॅट, तीन-चार हिस्सेदार. विटा मोजून वाटता येत नाहीत, त्यामुळे पर्याय तीनच : विकून वाटणं, एकाने दुसऱ्याचा हिस्सा घेणं, किंवा सावत्र आईला राहू देऊन नंतरची व्यवस्था आज लिहिणं. सावत्र आई साठीच्या पुढची असेल आणि तिला दुसरं घर नसेल, तर माझं मत तिसऱ्या पर्यायाकडे झुकतं. पण सगळ्यात जास्त मसुदे त्याच पर्यायात फसतात.

लोक लिहितात, ‘त्यांना तहहयात हक्क, त्यांच्यानंतर मुलांचा.’ हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १४ प्रमाणे स्त्रीला तिच्या आधीपासूनच्या हक्काच्या बदल्यात मिळालेली मालमत्ता पूर्ण मालकीची होते, कागदावर ‘तहहयात’ लिहिलं तरी. ती वारस म्हणून हिस्सेदार आहेच, त्यामुळे हा धोका खरा आहे. तिचा मालकी हिस्सा नोंदणीकृत हक्कसोड पत्राने मोबदला घेऊन सुटतोय की कायम राहतोय, हे आधी ठरवा. राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमात लिहा. मसुदा करणाऱ्या वकिलाला ‘कलम १४ चं काय?’ हा प्रश्न विचाराच.

मुद्रांक शुल्काचंही तसंच. वडिलोपार्जित मालमत्तेच्या हक्कसोड पत्राला महाराष्ट्रात आईवडील, मुलं, भावंडं, पती-पत्नी अशा ठरावीक नात्यांपुरतं नाममात्र शुल्क आहे. सावत्र नातं त्यात बसतं का, यावर काउंटरवर वाद घालण्यापेक्षा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून आधी अभिनिर्णय करून घ्या, म्हणजे शुल्क किती ते लेखी ठरवून घ्या.

पैसे आणि सही एकाच दिवशी, दुय्यम निबंधकाच्या टेबलासमोर, पे ऑर्डरने. ‘सही आज, पैसे फ्लॅट विकल्यावर’ हे दोन्ही बाजूंनी टाळा. कोणी हिस्सा बाहेरच्याला विकायला काढला, तर इतर वारसांना तो आधी घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ ने आहे.

टप्पा ९ : कोर्टात जायचंच असेल तर

वाटपाचा दावा १० कोटींपर्यंतच्या मूल्याचा असेल तर २०२४ पासून शहर दिवाणी न्यायालयात, त्याहून जास्त मूल्याचा असेल तर उच्च न्यायालयात. प्रोबेट आणि प्रशासनपत्रं उच्च न्यायालयातच. बँकेतले पैसे आणि शेअर यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेट, लागतं. फ्लॅटच्या मालकीचा प्रश्न त्याने सुटत नाही, तरी लोक त्यावर वर्ष घालवतात.

दाव्यासोबत तिसऱ्याला विक्री करण्यास मनाई मागा. आणि मुंबईतली एक खास गोष्ट : दावा दाखल झाला एवढ्याने फ्लॅट विकत घेणारा बांधला जात नाही. बृहन्मुंबईत दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, तरच नंतरचा खरेदीदार निकालाने बांधला जातो. दावा चालू, नोटीस नोंदवलेली नाही आणि मधल्या काळात फ्लॅट विकला गेला, तर पुढची लढाई त्या नव्या माणसाशी.

आई वारली आणि सावत्र वडील मागे असतील तर

इथे हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५ लागतं. मुलं आणि पती यांना समान वाटा. धक्का बसतो तो पुढच्या गोष्टीने : आईला तिच्या माहेराहून किंवा तुमच्या वडिलांकडून आलेली मालमत्ताही, आईला मुलं असल्यामुळे, याच रीतीने वाटली जाते आणि सावत्र वडिलांना त्यात हिस्सा मिळतो. माहेरी परत जाण्याचा किंवा पहिल्या पतीच्या वारसांकडे जाण्याचा नियम स्त्री निपुत्रिक असेल तेव्हाचा आहे. आईने दुसरं लग्न केलेलं असेल आणि ती हयात असेल, तर तिच्याशी मृत्युपत्राबद्दल बोलण्याची वेळ आत्ता आहे.

टप्पा १० : सावत्र आईच्या पश्चात

तिला मिळालेला हिस्सा तिचा पूर्ण मालकीचा. नंतर पुन्हा लग्न केलं तरी जात नाही. ती मृत्युपत्र न करता वारली तर तिची स्वतःची मुलं, आधीच्या लग्नाची असली तरी, आणि पती हयात असल्यास तो, हे पहिले वारस. सावत्र मुलगा तिच्या ‘मुलगा’ या व्याख्येत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितलं आहे. तिला स्वतःचं मूल नसेल तरच तुमच्या वडिलांकडून आलेल्या या हिश्श्यावर ‘पतीचे वारस’ म्हणून तुमचा क्रम लागतो. म्हणून ‘त्यांच्यानंतर आमचंच आहे’ या भरवशावर तिचं नाव भाग दाखल्यावर चढू देणाऱ्यांनी आधी तिला मुलं किती आणि कोणत्या लग्नाची हे पाहावं. निपुत्रिक सावत्र आईला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल, तर १९५६ च्याच हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने तिच्या पोषणाची जबाबदारी सावत्र मुलामुलींवर येऊ शकते. समझोत्यात दरमहाची रक्कम, मेंटेनन्स कोण भरणार आणि आजारपणाचा खर्च कसा वाटायचा, या ओळी त्याचसाठी घाला.